जमातीची शाळा, राज्याचा पैसा: वॉशिंग्टनमधला करार कसा होतो, टप्प्याटप्प्याने

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या वॉशिंग्टन राज्यात (सिअ‍ॅटलचं वॉशिंग्टन, व्हाइट हाउसचं नव्हे) २०१३ साली एक आटोपशीर कायदा झाला. विधेयक क्रमांक ११३४. टुलालिप जमातीचे आमदार जॉन मॅकॉय यांनी तो मांडला. राज्याचा शिक्षण अधीक्षक एखाद्या आदिवासी जमातीशी करार करू शकतो, असं हा कायदा म्हणतो. करार झाला की जमातीने चालवलेली शाळा सरकारी शाळा धरली जाते आणि तिला राज्याकडून विद्यार्थ्यामागे पैसा मिळतो. शिवाय स्थानिक स्कूल डिस्ट्रिक्टांना (त्या त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळांना) लागू असलेल्या राज्याच्या बहुतेक नियमांतून ती सुटते.

या राज्यात केंद्राची मान्यता असलेल्या २९ जमाती आहेत. मकलशूट, सुक्वामिश, लमी, क्विल्यूट अशा काहींनी हा करार करून आपली शाळा उभी केली किंवा चालू शाळा या छत्राखाली आणली. त्या कशा पोचल्या ते इथे क्रमाने मांडतो. महाराष्ट्रात ग्रामसभा आणि मातृभाषेतलं शिक्षण यांवर काम करणाऱ्यांना यातली कागदपत्रांची रीत उपयोगी पडेल. सिअ‍ॅटल-टकोमा भागातल्या मराठी मंडळींपैकी कुणी अशा शाळेत शिक्षक किंवा हिशेबनीस म्हणून लागणार असेल, तर त्यांनाही.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. स्वायत्तता कायद्यातून आयती हातात पडत नाही. कायदा फक्त करार करण्याची परवानगी देतो. शाळा किती मोकळी राहील हे अर्जात आणि करारात तुम्ही काय लिहून घेता त्यावर ठरतं.

थोडी पार्श्वभूमी

१८५४ साली अमेरिकी सरकार आणि जमातींमध्ये मेडिसिन क्रीकचा तह झाला. प्युजेट साउंड या खाडीभोवतीच्या काही जमातींनी जमिनी सोडल्या आणि बदल्यात मिळालेल्या आश्वासनांत एक शाळेचंही होतं: शेती आणि कारागिरी शिकवणारी, जमातीच्या मुलांना मोफत, वीस वर्षं चालवायची शाळा. प्रत्यक्षात पुढे आल्या त्या निवासी शाळा. १८७९ मध्ये पेनसिल्व्हेनियात कार्लाइलची शाळा सुरू झाली आणि केस कापणं, नाव बदलणं, घरची भाषा बोलल्यास शिक्षा हा साचा देशभर पसरला. म्हणून तिथल्या एखाद्या आजीसमोर ‘सरकारी शाळा’ म्हटलं की तिच्या मनात काय येत असेल, ते बैठकीला बसण्यापूर्वी ध्यानात ठेवलेलं बरं.

उलट दिशेने पावलं पडायला बराच काळ गेला. १९६६ मध्ये अ‍ॅरिझोनात नवाहो लोकांनी रफ रॉकची शाळा स्वतःच्या मंडळामार्फत चालवून दाखवली. १९७५ च्या स्वयंनिर्णय कायद्याने आणि १९८८ च्या जमात-नियंत्रित शाळा कायद्याने केंद्राच्या पैशातून जमातींना शाळा चालवता येऊ लागल्या. पण तो पैसा फक्त केंद्राचा. ही मुलं राज्याचीही नागरिक, तरी राज्याच्या शिक्षणनिधीच्या सूत्रात ती येत नव्हती. २०१३ च्या कायद्याने भरली ती ही फट.

पहिलं पाऊल: आपल्याला हाच रस्ता हवा का?

जमातीपुढे पर्याय तीन-चार असतात. स्थानिक स्कूल डिस्ट्रिक्टशी समजूत करून त्यांच्याच शाळेत भाषेचे वर्ग चालवणं सर्वांत सोपं आणि सर्वांत कच्चं. डिस्ट्रिक्टचं मंडळ बदललं की वर्ग बंद पडू शकतात. केंद्राच्या अनुदानावरची शाळा हा दुसरा पर्याय. चार्टर शाळा (सरकारी पैशावर पण स्वतंत्र व्यवस्थापनाखाली चालणारी) हा तिसरा, पण तिथे शाळेला परवाना देणारं वेगळं मंडळ असतं आणि जमात त्याच्यापुढे अर्जदार म्हणून उभी राहते. शिवाय वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये चार्टर शाळांचा मूळ कायदा घटनाबाह्य ठरवला होता, पुढच्या वर्षी तो नव्याने करावा लागला.

करारात मात्र दोन्ही बाजू सरकारं असतात. केवळ मान राखण्यापुरती ही गोष्ट नाही. परवाना एका बाजूने दिला जातो आणि एका बाजूने काढून घेता येतो. करारात भंगाची नोटीस, तक्रार निवारण आणि करार संपवण्याची रीत दोघांनी मिळून लिहिलेली असते.

केंद्राचं अनुदान आणि राज्याचा करार एकत्र चालू शकतात. केंद्राच्या पैशावर आधीपासून चालणाऱ्या शाळेच्या व्यवस्थापनालाही थेट अर्ज करण्याची मुभा कायद्यात आहे.

दुसरं पाऊल: ठरावाच्या आधी गणित

उत्साहात ठराव आधी होतो आणि आकडेमोड मागून. क्रम उलटा ठेवा.

राज्याचा पैसा मुलांच्या संख्येवर येतो आणि ती संख्या वर्षातून एकदा मोजत नाहीत. सप्टेंबरमध्ये शाळेच्या चौथ्या दिवशी आणि ऑक्टोबर ते जून दर महिन्याच्या शाळेच्या पहिल्या दिवशी हजेरीपट गोठवला जातो. अशा दहा मोजण्यांची सरासरी म्हणजे तुमची वर्षाची पटसंख्या. समजा सप्टेंबरला ६० मुलं आहेत आणि नाताळाच्या सुट्टीनंतर १२ मुलं डिस्ट्रिक्टच्या शाळेत परत गेली. चार मोजण्या ६० च्या, सहा मोजण्या ४८ च्या. सरासरी ५२.८. शिक्षक तुम्ही ६० मुलांच्या हिशेबाने नेमलेत, त्यांचे पगार जूनपर्यंत आहेत, आणि पैसा जवळपास ५३ मुलांचा. लहान शाळेत सात मुलांचा फरक म्हणजे एखाद्या शिक्षकाच्या पगाराचा मोठा हिस्सा. म्हणून पहिल्या वर्षाचं अंदाजपत्रक जून महिन्यातल्या पटावर बांधा, सप्टेंबरच्या नव्हे.

दुसरी मोठी बाब म्हणजे स्थानिक कर. डिस्ट्रिक्टच्या शाळांना राज्याच्या पैशावर भर म्हणून मतदारांनी मंजूर केलेला मालमत्ता कर मिळतो. कराराच्या शाळेला त्यातला छदामही मिळत नाही. पलीकडच्या गावातल्या शाळेइतकीच मुलं असली तरी तुमची तिजोरी हलकी राहू शकते. ही तूट जमात स्वतःच्या उत्पन्नातून भरणार की अन्य अनुदानातून, हे ट्रायबल कौन्सिलने (जमातीचा कारभार पाहणाऱ्या मंडळाने) आधीच लिहून द्यावं.

केंद्राचाही पैसा येत असेल तर एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलांचा हिशेब वेगळा होतो. केंद्राचं मूळ अनुदान मोजलं जातं ते मान्यताप्राप्त जमातीचे सदस्य असलेल्या किंवा किमान पाव वंश सिद्ध होणाऱ्या मुलांपुरतं. राज्याचा पैसा मात्र प्रत्येक मुलामागे. तेव्हा दोन पट, दोन खाती, दोन वेळापत्रकं. हे सांभाळणारा माणूस पहिल्या दिवसापासून पूर्ण वेळ हवा. मुख्याध्यापकाने संध्याकाळी बसून करायचं हे काम नाही.

इमारत या गणिताच्या बाहेरच ठेवा. ला पुश इथली क्विल्यूटांची जुनी शाळा अगदी समुद्राला खेटून, त्सुनामीच्या पट्ट्यात होती. २०१२ मध्ये ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यानातली उंचावरची जमीन जमातीला परत देणारा कायदा अमेरिकी संसदेने केला, तेव्हा जागा मिळाली. नवी शाळा तिथे २०२२ मध्ये सुरू झाली, तीही केंद्राच्या निधीतून. विद्यार्थ्यामागे मिळणाऱ्या पैशातून असं काही उभं राहत नाही.

तिसरं पाऊल: ठराव आणि अर्ज

प्रक्रिया सुरू होते ती जमातीच्या कौन्सिलच्या (किंवा वर सांगितलेल्या केंद्र-अनुदानित शाळेच्या व्यवस्थापनाच्या) ठरावाने. एखाद्या व्यक्तीचा किंवा पालकसंघाचा अर्ज चालत नाही. ठरावाला जोडून अर्ज द्यावा लागतो. बालवाडीपासून बारावीपर्यंतच्या कोणत्या इयत्ता चालवणार हे त्यात सांगायचं आणि लागू असलेले कायदे पाळले जातील हे दाखवायचं.

‘दाखवायचं’ यावर जोर आहे. नुसतं ‘आम्ही पाळू’ असं लिहून भागत नाही. कोणता नियम शाळेतलं कोण पाळणार आणि त्याची नोंद कुठे राहणार, हे ओळीनिशी लिहावं. करार झाल्यावर शाळा अर्जातल्या शब्दांनाही बांधलेली असते, त्यामुळे अर्जात भारावून लिहिलेलं प्रत्येक वाक्य उद्या तपासणीत समोर येतं. ‘दररोज दोन तास भाषा’ लिहिलंत तर दररोज दोन तास द्यावे लागतील. शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर गेली तरी.

माझा सल्ला: कमी इयत्तांनी सुरुवात करा. बारावीपर्यंतचं सगळं पहिल्याच अर्जात मागितलं तर बारावी पूर्ण झाल्याच्या प्रमाणपत्रासाठी लागणाऱ्या २४ क्रेडिटांपासून प्रयोगशाळेपर्यंत सगळ्याचीच तयारी दाखवावी लागते.

चौथं पाऊल: ९० दिवस आणि वाटाघाटीचं टेबल

ठराव व अर्ज हाती आल्यापासून ९० दिवसांच्या आत अधीक्षकाने बैठक बोलावलीच पाहिजे. ही बैठक सरकार-ते-सरकार असते. जमातीकडून अध्यक्ष किंवा कौन्सिलचा सदस्य बसतो. फक्त मुख्याध्यापकाला पाठवलं तर तुम्हीच तुमचा दर्जा खाली आणलात. पोच घेताना तारखेचा शिक्का घ्यायला विसरू नका, ९० दिवस तिथून मोजले जातात.

करारात काय असलंच पाहिजे ते कायद्यात दिलं आहे: नियमपालन, भंगाची नोटीस, वाद सोडवण्याची रीत (त्यात मध्यस्थीही चालते), नोंदी व लेखापरीक्षण, दोन्ही बाजूंच्या जबाबदाऱ्यांची वाटणी, मुदत आणि करार संपवण्याच्या अटी. खरी झटापट जबाबदाऱ्यांच्या वाटणीत होते. विशेष गरजा असलेल्या मुलाची तपासणी कोण करणार? मूल वर्षाच्या मध्यात डिस्ट्रिक्टमध्ये गेलं तर त्याच्या नोंदी किती दिवसांत पाठवायच्या? बस कुणाची? यातलं जे मोघम राहील, ते पहिल्याच कडक हिवाळ्यात भांडणाचं कारण होईल. एका कोऱ्या कागदावर तीन रकाने आखा: काम, राज्य, जमात. प्रत्येक कामापुढे एकच खूण. दोन्ही रकान्यांत खूण आली की ते काम कुणीच करणार नाही असं समजा.

वाद सोडवण्याच्या कलमातही घाई नको. जमात सार्वभौम आहे, तिच्यावर राज्याच्या न्यायालयात सहजासहजी दावा लागत नाही. ही ढाल करारात नकळत खाली ठेवली जात नाही ना, हे जमातीच्या वकिलाने शब्दन् शब्द वाचून पाहायला हवं.

पाचवं पाऊल: माणसं

शाळेला प्रमाणपत्रधारक शिक्षकच लागतात; असाधारण पात्रतेच्या व्यक्तीसाठी अपवादाची सोय आहे. नोकरीवर घेताना गुन्हे-पडताळणी सर्वांना सक्तीची. इथपर्यंत नेहमीचंच.

पण भाषा शिकवणार कोण? लुशूटसीड किंवा क्विल्यूट या तिथल्या भाषा बोलणाऱ्या व्यक्तीकडे अनेकदा अध्यापनाची पदवी नसते. यासाठी वॉशिंग्टनने २००७ मध्येच वेगळं प्रमाणपत्र केलं: मूळ लोकांची भाषा, संस्कृती आणि मौखिक परंपरा यांचं. ते कुणाला मिळावं हे जमात ठरवते. निकष तिचे, परीक्षा तिची, शिफारस तिची. राज्याचं शिक्षक-मानक मंडळ त्या शिफारशीवर प्रमाणपत्र देतं. या सगळ्या रचनेत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे. क्विल्यूट भाषेचं आज जिवंत असलेलं दुसरं कुठलंही नातलग नाही. ती नीट बोलता येते की नाही हे राज्याच्या राजधानीतल्या, ऑलिंपियातल्या कोणत्या अधिकाऱ्याने तपासायचं?

करण्यासारखं: शाळा उघडण्याच्या आधीच जमातीने आपले निकष लेखी करावेत आणि मंडळाकडे नोंदवावेत. निकषांत नुसतं ‘अस्खलित’ लिहू नका. काय येतं ते लिहा: गोष्ट सांगता येते, जाळं विणताना सूचना देता येतात, मुलाची चूक त्याच भाषेत दुरुस्त करता येते. आणि या प्रमाणपत्रावर आजी गणित शिकवू शकत नाही, हे वेळापत्रक आखणाऱ्याला बजावून ठेवा. त्यासाठी वर्गात दुसरा शिक्षक लागतो, म्हणजे दुसरा पगार. वरच्या गणितात तो धरलेला असावा.

सहावं पाऊल: वर्षाची आखणी

राज्याच्या मूळ शिक्षण-अटी कराराच्या शाळेलाही लागू आहेत. वर्षाला १८० दिवस. आठवीपर्यंत सरासरी १,००० तास, नववी ते बारावी १,०८० तास. कॅलेंडरवर हे १८० दिवस मांडायला बसलं की अडचण दिसते. वर्षाच्या पहिल्या सामन माशाच्या स्वागताचा विधी, मासेमारीचा हंगाम, गावातलं मोठं अंत्यविधीचं कार्य अशा दिवशी मुलं घरीच असतात. डिस्ट्रिक्टच्या शाळेत ती गैरहजेरी ठरते. २०१८ मध्ये विधिमंडळाने कराराच्या शाळांसाठी प्रायोगिक प्रकल्प मंजूर केला, तो उपस्थितीच्या अटींत सांस्कृतिक आणि शेती-मासेमारीच्या प्रसंगांना जागा करून देण्यासाठी.

तरी पहिला प्रयत्न असा असावा की तो दिवस सुट्टीचा न मानता शाळेचाच मानता येईल का. नदीवर शिक्षकांबरोबर गेलेल्या वर्गाने पाण्याचं तापमान नोंदवलं, मासे मोजले, आजोबांकडून नावं लिहून घेतली, तर तो अभ्यासाचा दिवस आहे. फक्त पाठाची आखणी आधी लिहिलेली हवी. इथे एक सीमा आहे: कोणत्याही पंथाच्या आचरणाला शाळेत मनाई आहे. विधीबद्दल शिकणं आणि विधी करायला लावणं यांतली रेषा शाळेने स्वतः आखून पालकांना सांगावी.

प्रवेश

हा भाग अनेकांना अनपेक्षित असतो. जमातीची शाळा केवळ जमातीच्या मुलांसाठी नाही. वय, इयत्ता आणि जागा याखेरीज कोणत्याही कारणाने प्रवेश नाकारता येत नाही, फी घेता येत नाही. अर्ज जागांपेक्षा जास्त आले तरच जमातीच्या सदस्यांना आणि आधीच शिकत असलेल्या मुलांच्या भावंडांना प्राधान्य देता येतं. म्हणजे ऑबर्नला राहणाऱ्या मराठी कुटुंबानेही मकलशूटच्या शाळेकडे अर्ज केला तर तो नियमाने घ्यावा लागतो. मूल तिथली भाषा आणि तिथला इतिहास शिकणार हे मान्य असेल तरच करा. ‘घराजवळ आहे आणि वर्ग लहान आहेत’ एवढ्यासाठी जागा अडवू नये, असं मला वाटतं.

हिशेबतपासणी राज्याचा लेखापरीक्षक करतो. कागद तारीखवार लावलेले असले की त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

महाराष्ट्रात यातलं काय घेता येईल

वॉशिंग्टननंतर अलास्कानेही २०२२ मध्ये कायदा करून जास्तीत जास्त पाच प्रायोगिक करारांच्या वाटाघाटीला वाट दिली. आपल्याकडे असा एकच सरळ कायदा नाही, तुकडे आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याच्या (अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीच्या कायद्याच्या) कलम ४ मध्ये सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि कर्मचाऱ्यांवर नियंत्रणाचा अधिकार योग्य स्तरावरच्या पंचायतींना आणि ग्रामसभेला देण्याची तरतूद आहे. शिक्षणहक्क कायद्याचं कलम २९ शक्य तिथे मातृभाषेतून शिकवा म्हणतं. पण त्याच कायद्याचं कलम १८ मान्यतेशिवाय शाळा चालवू देत नाही: एक लाखापर्यंत दंड, आणि चालूच ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगाव ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, आणि पुढे तिला अनधिकृत म्हणून नोटीस आली ती याच कलमाखाली.

पेच पाहा. कलम १८ मधून शासनाच्या आणि ‘स्थानिक प्राधिकरणा’च्या शाळा वगळलेल्या आहेत. आणि कलम २ मधली स्थानिक प्राधिकरणाची व्याख्या रुंद आहे: पंचायत तर त्यात आहेच, शिवाय शाळेवर प्रशासकीय नियंत्रण असलेली किंवा कायद्याने गावात स्थानिक प्राधिकरण म्हणून अधिकार मिळालेली अन्य संस्थाही येते. पेसाखालची ग्रामसभा त्यात बसते का? माझ्या मते हा दावा नीट मांडण्याजोगा आहे, पण व्याख्येच्या भरवशावर मुलांचं वर्ष टांगणीला लावू नये. वॉशिंग्टनमधल्या जमातीला हा प्रश्नच पडत नाही, कारण समोरचा पक्ष कोण हे कायद्यानेच लिहून ठेवलं आहे.

तोवर ग्रामसभेला तीन गोष्टी आजच करता येतात. एक, शाळेचा ठराव करताना पेसाचं कलम आणि शिक्षणहक्क कायद्याची वरची व्याख्या दोन्ही नमूद करावीत, इयत्ता, भाषा, शिक्षक आणि खर्चाचा स्रोत लिहावा आणि गटशिक्षणाधिकाऱ्याकडून तारखेची पोच घ्यावी. दोन, तीन रकान्यांचा तो कागद जिल्हा परिषदेच्या चालू शाळेसाठीच भरावा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत आणि शाळा विकास आराखडा करण्याचा अधिकार तिचा आहे, तेव्हा गोंडी, कोरकू, वारलीचे तास त्यातच लिहून घेता येतात. तीन, भाषा शिकवणाऱ्या गावातल्या माणसांची यादी आणि त्यांना काय येतं याचे निकष ग्रामसभेने लेखी मंजूर करून ठेवावेत. स्वतंत्र शाळा काढायचीच असेल तर मान्यतेचा अर्ज शाळा उघडण्याच्या आधी गेलेला असावा, त्याची प्रत ग्रामसभेच्या दप्तरात आणि दुसरी वकिलाकडे.